पाठ फिरवण्याचा हक्क



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हयातभर शिक्षक होते. म्हणून विषय शाळा-कॉलेजच्या आवारातलाच घ्यायचा, असं मी ठरवलं. आवारातला, पण जरा अडचणीचा. विद्यापीठानं पदवीदान समारंभाला बोलावलेला पाहुणा विद्यार्थ्यांना मान्य नसेल, तर त्यांनी काय करायचं? मुकाट्यानं ऐकून घ्यायचं? उठून जायचं? हुर्यो उडवायची? की पाहुणा येऊच नये म्हणून आधीपासून कुलगुरूंच्या दाराशी ठाण मांडायचं? संयोजकांनी विषय ऐकला, क्षणभर थांबले आणि ‘चालेल’ म्हणाले. भाषण आधी लिहून दाखवा, असं काही म्हणाले नाहीत. याचं मोल किती, ते पुढे ओघात येईलच.

माझी बरीच उदाहरणं अमेरिकेतली आहेत. तिथे मे महिना आला की हा वाद ठरल्यासारखा पेटतो. आपल्यापैकी कित्येकांची मुलं-नातवंडं तिथे शिकतात, आणि काळा झगा, चौकोनी टोपी घातलेले त्यांचे फोटो आपल्या फोनवर येऊन पडतात. त्या फोटोच्या चौकटीबाहेर काय चाललेलं असतं, ते आज पाहू.

फ्लोरिडापासून सुरुवात करतो. १० मे २०१७. डेटोना बीच गावातलं बेथ्यून-कुकमन विद्यापीठ. मेरी मॅक्लाउड बेथ्यून नावाच्या कृष्णवर्णीय बाईंनी १९०४ साली पाच मुली आणि दीड डॉलर एवढ्या भांडवलावर काढलेल्या शाळेतून हे विद्यापीठ उभं राहिलं. गोऱ्यांच्या शाळा-कॉलेजांचे दरवाजे काळ्या मुलांना बंद होते, म्हणून ही शाळा निघाली. त्या दिवशीच्या पाहुण्या होत्या अमेरिकेच्या शिक्षणमंत्री बेट्सी डीव्हॉस. आता या बाईंनी त्याच वर्षी फेब्रुवारीत एक निवेदन काढलं होतं. आपल्या मर्जीची शाळा निवडण्याचं स्वातंत्र्य पालकांना असावं, हा त्यांचा आवडता कार्यक्रम. आणि कृष्णवर्णीयांची ही जुनी विद्यापीठं त्या निवडस्वातंत्र्याची आद्य प्रवर्तक आहेत, असं त्यांनी त्यात म्हणून टाकलं. निवडस्वातंत्र्य! पुण्यात शाळांची निवड वाढावी म्हणून जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, असं उद्या कुणी म्हणालं तर तुम्हाला कसं वाटेल? तसंच त्या मुलांना वाटलं. निवड नव्हती, म्हणून तर हे विद्यापीठ जन्मलं. डीव्हॉसबाईंनी पुढे सारवासारव केली. पण तोंडातून गेलेलं गेलं.

त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि हुर्यो सुरू झाली. मग कितीतरी पदवीधर खुर्च्यांवरून उठले आणि व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहिले. तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी मध्येच माईक हाती घेतला आणि बजावलं की, हे असंच चालू राहिलं तर तुमच्या पदव्या तुम्हाला पोस्टानं पाठवल्या जातील.

पोस्टानं! मित्रहो, मला सांगा, त्या सभागृहात उद्धटपणा कुणी केला? शिक्षणमंत्र्यांनी भाषण शेवटपर्यंत केलं. त्यांचा शब्द कुणी हिरावून घेतला नाही. मुलांनी पाठ फिरवली, म्हणजे आपलं स्वतःचं अंग वळवलं, एवढंच. धमकी दिली ती माईक ज्यांच्या हातात होता त्यांनी. चार वर्षं फी भरून, कर्ज काढून, परीक्षा देऊन मिळवलेली पदवी ही जणू अध्यक्षांनी खूश होऊन द्यायची बक्षिसी आहे, अशा थाटात.

इथून मी माझ्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. हे व्यासपीठ कोणत्या जातीचं आहे?

विद्यापीठात हजार तऱ्हेची भाषणं होतात. वर्गात व्याख्यान होतं, तिथे मुलगा हात वर करतो. वादसभेत दुसरी बाजू असते. बाहेरून आलेल्या विद्वानाला भाषणानंतर अर्धा तास प्रश्नांचा मारा सोसावा लागतो. पदवीदान समारंभात यातलं काहीच नसतं. तो लग्नासारखा असतो: तारीख बदलता येत नाही, आई-वडील लांबून, ठेवणीतले कपडे घालून आलेले असतात, फोटो काढून घ्यायचे असतात, आणि मुख्य पाहुणा कोण हे ज्यांचं कार्य आहे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. वर त्या पाहुण्याचा सत्कार असतो. मानद डॉक्टरेट असते. कधी कधी चेकही असतो. रटगर्स विद्यापीठानं २०१४ साली माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांना बोलावलं, तेव्हा मानद पदवीबरोबर ३५ हजार डॉलर द्यायचं ठरलं होतं.

भाषण आणि सत्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीदानात त्या एकाच हारात गुंफलेल्या असतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. इराकवरच्या युद्धाच्या निर्णयात ज्या बाईंचा वाटा होता, त्यांना विद्यापीठात बोलूच देऊ नये असं म्हणणं, आणि त्यांना माझ्या नावानं, माझ्या समारंभात शाल-श्रीफळ देऊ नका असं म्हणणं, या दोहोंत काहीच फरक नाही का? मला तरी जमीन-अस्मानाचा दिसतो. पहिली मागणी मी फेटाळून लावीन. दुसरी करण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, असं मी मानतो. मानद पदवी हे विद्यापीठाचं मत असतं; आणि विद्यापीठ म्हणजे काही फक्त विश्वस्तांची बैठक नव्हे.

पाहुणेसुद्धा तिथे केवळ आशीर्वाद द्यायला येत नाहीत, बरं का. जॉर्ज मार्शल यांनी युरोपच्या पुनर्बांधणीची योजना जगापुढे मांडली ती ५ जून १९४७ला, हार्वर्डच्या समारंभात. केनेडींनी अणुचाचण्यांच्या प्रश्नावर रशियाला हात पुढे केला तो जून १९६३मध्ये, वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या पदवीदानात. म्हणजे सत्ता हे व्यासपीठ आपल्या कामासाठी वापरते. वापरू दे, त्यात गैर काही नाही. पण सत्तेनं तिथे राजकारण केलं तर ते ऐतिहासिक भाषण, आणि विद्यार्थ्यानं केलं तर समारंभाचा रसभंग, हे कुठलं माप? १९६६ साली व्हिएतनामचं युद्ध चालवणारे संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांना न्यूयॉर्क विद्यापीठानं मानद पदवी दिली, तेव्हा काही विद्यार्थी आणि प्राध्यापक सभात्याग करून गेले. त्यांनी काय बिघडवलं? मॅक्नामारांना पदवी मिळाली. भाषणं झाली. फक्त काही खुर्च्या रिकाम्या दिसल्या.

आपल्याकडचा एक जुना किस्सा सांगतो. मला तो फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. ११ फेब्रुवारी १९०५. कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. कुलपती या नात्यानं व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन बोलायला उभे राहिले, आणि त्यांनी नव्या पदवीधरांना सत्यावर प्रवचन दिलं. सत्याला सर्वोच्च स्थान देणं ही प्रामुख्यानं पश्चिमेची गोष्ट; पूर्वेकडे धूर्तपणाची आणि चतुराईचीच वाहवा होत आली, असा त्याचा मथितार्थ. समोर बंगालातली उत्तम शिकलेली तरुण मंडळी. त्यांना त्यांच्याच समारंभात सांगितलं जातंय की तुमचे बापजादे खोटारडे. उत्तर कोण देणार? कसं देणार? कुलपतींच्या भाषणावर प्रश्नोत्तरं होत नाहीत.

उत्तर आलं ते वर्तमानपत्रातून. काही दिवसांतच अमृत बझार पत्रिकेनं कर्झनसाहेबांच्याच पुस्तकातला एक उतारा छापला. तो शोधून दिला भगिनी निवेदितांनी. साहेब तरुणपणी पूर्व आशियात फिरले होते आणि त्या प्रवासावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यात ते मजेत सांगतात की, कोरियातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं त्यांना वय विचारलं. तिथे वयाला मान असतो, हे यांना आधीच कुणी सांगून ठेवलेलं. तेव्हा तेहतीस वर्षांच्या कर्झननी बेधडक ठोकून दिलं, चाळीस! पुढे त्या अधिकाऱ्यानं विचारलं, आपण राणीसरकारच्या नात्यातले असाल? नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं, तेव्हा हे म्हणाले, पण मी अजून अविवाहित आहे! म्हणजे पुढे-मागे राजघराण्याचा जावई व्हायची आशा आहे, असं त्याला वाटू दिलं. (हशा.) सत्यावरचं प्रवचन आणि हा उतारा शेजारी-शेजारी ठेवला, की वेगळं भाष्य करायची गरजच उरत नाही. कलकत्ता हसत सुटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली आणि हसण्याचे दिवस संपले, ही गोष्ट वेगळी.

कर्झनना कुणी बोलू दिलं नसतं, तर हा खजिना हाती लागला असता का? माझा दुसरा मुद्दा हाच आहे. विरोध करा, पण माणूस येण्याआधीच त्याला परतवून लावण्याचा विरोध आणि तो समोर उभा असताना त्याला दिलेलं उत्तर, यांतलं दुसरं मला जास्त कसाचं वाटतं.

२०१४चा मे महिना पाहा. रटगर्समध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठिय्या दिला. राइसबाईंनी आपणहून माघार घेतली. स्मिथ कॉलेजात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख क्रिस्टीन लगार्ड यायच्या होत्या. सह्यांची मोहीम झाली, त्याही आल्या नाहीत. आणि हॅवरफर्ड या छोट्या कॉलेजात रॉबर्ट बर्जनो यायचे होते, बर्कली विद्यापीठाचे माजी प्रमुख. ते तिथे प्रमुख असताना नोव्हेंबर २०११मध्ये पोलिसांनी आंदोलक विद्यार्थ्यांवर दंडुके चालवले होते. तेही बर्कलीत, जिथे १९६४ साली भाषणस्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली होती! हॅवरफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी पत्र लिहून त्यांच्यापुढे नऊ अटी ठेवल्या. त्यांनी नकार कळवला आणि तेही आले नाहीत.

तिन्ही ठिकाणी विद्यार्थी जिंकले. काय जिंकले? लगार्डना ग्रीसच्या कर्जाबद्दल कुणी काही विचारू शकलं नाही. बर्जनोंना दंडुक्यांबद्दल कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही. हॅवरफर्डच्या मुलांच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, या, अवश्य या. आम्ही त्या दंडुक्यांचे फोटो छातीवर लावून बसणार आहोत, तुम्ही बोला. आलेल्या माणसाला अवघड जातं. न आलेल्या माणसाला उलट हुतात्मा होता येतं. नऊ अटी घालणं म्हणजे पाहुण्याला दारातून पळायची वाट मोकळी करून देणं, आणि त्यांनी ती घेतली.

गंमत पुढे आहे. बर्जनोंच्या जागी प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आले आणि त्यांनी विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांना भर समारंभात झोडपलं. अपरिपक्व म्हणाले, उर्मट म्हणाले. त्यांचं म्हणणं मला बव्हंशी पटतं. पण ते म्हणाले कुठून? जिथून उलट उत्तर देता येत नाही अशा जागेवरून. संवादाचं महत्त्व सांगायला त्यांना एकतर्फी माईक चालला. मोठ्या माणसांना ही विसंगती दिसत नाही, की दिसूनही सोयीची असते?

हेच काम नीट कसं होतं, ते पाहायचं तर १९९० साली वेल्स्ली या मुलींच्या कॉलेजात जायला हवं. ‘द कलर पर्पल’ या कादंबरीच्या लेखिका ॲलिस वॉकर या मुलींची पहिली पसंती. त्या येऊ शकल्या नाहीत, म्हणून बोलावणं गेलं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांना. दीडशे विद्यार्थिनींनी निवेदनावर सह्या केल्या. म्हणणं असं की, या बाईंची ओळख नवऱ्याच्या कर्तृत्वामुळे आहे. स्त्रीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं चार वर्षं आम्हाला शिकवलंत आणि निरोपाला हा आदर्श? देशभर गदारोळ झाला. मुलींना कृतघ्न ठरवणारे लेख आले. पण बुशबाई आल्या. येताना गोर्बाचेव्ह यांच्या पत्नी रायसा यांनाही घेऊन आल्या. आणि सुरुवातीलाच त्यांनी स्वतःची थट्टा केली की, तुम्हाला रंगावर पुस्तक लिहिणारी हवी होती, मिळाली ती केसांच्या रंगाबद्दल प्रसिद्ध असलेली. शेवटी म्हणाल्या की, या श्रोत्यांतलं कुणीतरी उद्या माझ्यासारखं राष्ट्राध्यक्षाचा जोडीदार म्हणून व्हाइट हाउसात राहायला जाईल. त्या गृहस्थांना माझ्या शुभेच्छा! टाळ्यांचा कडकडाट. सह्या करणाऱ्या मुलींनीही टाळ्या दिल्या असतील. आता मला सांगा, सह्यांची मोहीम नसती तर हे भाषण असं झालं असतं? घोटून गुळगुळीत केलेले चार उपदेश ऐकवून बाई परत गेल्या असत्या. विरोधामुळे भाषणाला धार आली आणि भाषणामुळे विरोधाचं म्हणणं घराघरात पोचलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर बाहेर पडल्यावर कुणीतरी मला गाठेल. हा प्रकार एका विचाराच्या मुलांपुरता नाही. इंडियानातल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठानं मे २००९मध्ये बराक ओबामांना बोलावलं, तेव्हा गर्भपाताच्या प्रश्नावरून सनातनी मंडळी उसळली. कित्येक बिशपांनी निषेध केला. हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापिका मेरी ॲन ग्लेंडन यांनी त्याच समारंभात मिळणारं विद्यापीठाचं मानाचं पदक नाकारलं. काही पदवीधरांनी समारंभाऐवजी आवारातल्या प्रार्थनास्थळी बसणं पसंत केलं. आठ वर्षांनी, मे २०१७मध्ये, त्याच विद्यापीठात उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलायला उभे राहिले, आणि शंभराहून जास्त पदवीधर गुपचूप उठून बाहेर गेले. या वेळी उठणारे दुसऱ्या बाजूचे. पेन्स यांनी मग विद्यापीठांतल्या वाढत्या असहिष्णुतेवर टीका केली. कुणी त्यांच्या भाषणात अडथळा आणला होता? नाही. पण उठून जाणं हेच ज्यांना असहिष्णुता वाटतं, त्यांना श्रोता नको असतो, हक्काचा प्रेक्षक हवा असतो.

आरडाओरडा मात्र मला मान्य नाही. शेजारी बसलेल्या मुलीची आजी कुठल्यातरी खेड्यातून आलेली असते, तिला ऐकायचं असतं. तिचे कान बंद करण्याचा अधिकार मला नाही. सभा उधळण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. आगरकरांना आपली प्रेतयात्रा जिवंतपणी पुण्यात पाहावी लागली. ती काढणाऱ्यांनाही आपण फार मोठा विरोध करतोय असंच वाटत असणार.

आणि बोलावून नाकारणं? त्यात तर आपला हात कुणी धरू नये. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं डॉ. आंबेडकरांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषण आधी मागवलं. वाचलं, हादरले, आणि बदल सुचवू लागले. बाबासाहेबांनी कळवलं की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं, आणि आज ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ जगभर वाचलं जातं. त्या मंडळाचं नाव त्या पुस्तकामुळेच शिल्लक आहे. अगदी अलीकडे, जानेवारी २०१९मध्ये, यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्‌घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून मग येऊ नका म्हणून सांगितलं. धमक्या आल्या होत्या, संयोजक घाबरले. परिणाम काय झाला? जे भाषण एका मांडवात झालं असतं ते महाराष्ट्रभर छापलं गेलं, जागोजागी वाचलं गेलं, आणि संमेलनात बायका सहगलांचे मुखवटे लावून बसल्या. उद्‌घाटन केलं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. आणि छान बोलल्या त्या.

या दोन्ही उदाहरणांत विद्यार्थी कुठेच नाहीत, हे लक्षात घ्या. वक्त्याला परतवणारे हात बहुतेक वेळा संयोजकांचेच असतात. तिसरा मुद्दा इथूनच निघतो, आणि माझ्या लेखी तो सर्वांत मोठा आहे.

गेली काही वर्षं पदवीदान समारंभात खरोखर तोंड कुणाचं बंद केलं गेलं? पाहुण्यांचं? मे २०२४मध्ये ड्यूक विद्यापीठात विनोदी नट जेरी साइनफेल्ड बोलायला आले, गाझातल्या युद्धावरून काही डझन मुलं पॅलेस्टाइनचे झेंडे घेऊन बाहेर पडली, साइनफेल्डनी भाषण पुरं केलं, मानद पदवी घेतली, घरी गेले. त्याच्या महिनाभर आधी लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात काय झालं ते ऐका. तिथे सर्वांत गुणवान ठरलेल्या एका विद्यार्थ्याला समारंभात बोलायचा मान असतो. त्या वर्षी तो एका मुस्लिम मुलीला मिळाला. तिनं समाजमाध्यमावर पॅलेस्टाइनच्या बाजूनं काही लिहिलंय, अशी ओरड झाली, आणि विद्यापीठानं सुरक्षेचं कारण सांगून तिचं भाषण रद्द केलं. न केलेलं भाषण! त्यावर टीका झाली, तर बाहेरचे पाहुणेही रद्द केले. मग तो मुख्य समारंभच रद्द केला, ज्याला ६५ हजार माणसं यायची होती. एका मुलीची पाच-सात मिनिटं टाळण्यासाठी. कोलंबिया विद्यापीठानंही त्या वर्षी आपला मुख्य सोहळा गुंडाळला. हे तेच कोलंबिया, ज्यानं १९५२ साली बाबासाहेबांना मानद पदवी दिली होती.

पुढच्या वर्षी, मे २०२५मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं मंजूर करून घेतलेलं भाषण बाजूला ठेवून गाझाचा उल्लेख केला. विद्यापीठानं त्याचं पदवीपत्र रोखून धरलं. त्याच महिन्यात एमआयटीत भारतीय वंशाच्या वर्गाध्यक्ष मुलीनं याच विषयावर भाषण केलं, तर दुसऱ्या दिवशीच्या पदवीदानाला तिला येऊ दिलं नाही. या मुलांचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो. मला त्यातलं सगळं पटतं असंही नाही. पण २०१४ साली जे कुलगुरू आणि संपादक ‘नावडतं मत ऐकायला शिका’ म्हणून विद्यार्थ्यांना दटावत होते, त्यांच्यापैकी किती जण या वेळी विद्यापीठांना तेच सांगायला उभे राहिले? ऐकायला शिकायचं ते फक्त खाली बसलेल्यांनीच का?

आणि आपली मुलं? तिथे नागरिक असलेल्या मुलानं पाठ फिरवली तर फार तर ताशेरे बसतात. व्हिसावर असलेल्या मुलाचं तसं नाही. २०२५च्या वसंतात आंदोलनांत दिसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना अटक झाली. तेव्हा ‘आमचा मुलगा असल्या भानगडीत पडत नाही’ असं आपण अभिमानानं सांगतो, त्यात संस्कार किती आणि भीती किती, ते त्या मुलालाच ठाऊक.

आता घराकडे वळतो. आपल्याकडे पाहुणा निवडायचा प्रश्नच फारसा येत नाही. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. नाव ठरलेलं, खुर्ची ठरलेली. विद्यार्थ्यानं झगा घालायचा, रांगेत यायचं, वाकून प्रमाणपत्र घ्यायचं, उतरायचं. त्या तीन-चार सेकंदांत काय बोलणार? म्हणून आपल्या मुलांनी विरोधाची भाषाच वेगळी घडवली. ती हाताची भाषा आहे. हात पुढे न करण्याची.

डिसेंबर २०१४मध्ये जादवपूर विद्यापीठात एका विद्यार्थिनीनं व्यासपीठावर जाऊन राज्यपालांकडून पदवी घ्यायला नकार दिला. सप्टेंबरात कुलगुरूंनी रात्री पोलीस बोलावून मुलांना मारहाण करवली होती, त्याचा हा निषेध. जानेवारीत कुलगुरूंना जावं लागलं. २०१९च्या डिसेंबरात पुद्दुचेरीत एका सुवर्णपदक विजेतीला राष्ट्रपती सभागृहात असेपर्यंत बाहेर थांबवून ठेवलं. ती नंतर व्यासपीठावर गेली, प्रमाणपत्र घेतलं आणि पदक नाकारलं. ऑगस्ट २०२५मध्ये तिरुनेलवेलीला पीएच.डी. मिळवलेली एक बाई राज्यपालांना वळसा घालून गेली आणि कुलगुरूंच्या हातून पदवी घेतली. कुठे ओरडा नाही, कुठे धक्काबुक्की नाही.

याला उत्तर म्हणून प्रशासनानं काय शोधून काढलं? कपड्यांचा रंग! २०२३ साली तमिळनाडूत सेलमच्या एका विद्यापीठानं परिपत्रक काढलं की, राज्यपाल येणार आहेत, समारंभाला काळे कपडे घालून येऊ नये. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. त्या विद्यापीठाचं नाव सांगू? पेरियार विद्यापीठ. काळा सदरा हाच ज्यांच्या चळवळीचा गणवेश होता, त्या पेरियार रामस्वामींचं. (हशा.) हसू नका, आपल्याकडेही मंत्री यायचे असले की काळे मोजेसुद्धा काढून घेतले जातात.

आणि एकदा तरी ओरडण्याचाही उपयोग झाला, हे मला मान्य करायला हवं. मघाच्या माझ्याच मताला ही बाधा आहे, पण सांगतो. २२ जानेवारी २०१६. लखनौचं बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ. पाच दिवसांपूर्वी हैदराबादेत रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्यानं जीव दिला होता. पंतप्रधान बोलायला उभे राहताच काही विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या; त्यांना लगेच बाहेर काढण्यात आलं. त्यानंतर पंतप्रधान रोहितबद्दल बोलले, जाहीरपणे, पहिल्यांदा. घोषणा दिल्या नसत्या तर बोलले असते? कोण सांगणार.

उत्तराची वाटच ठेवली नाही की विरोध कुठवर जातो, तेही आपल्या इतिहासात आहे. जुलै १९३१मध्ये फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं गोळी झाडली. ‘हॉटसन-गोगटे’ हे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. ६ फेब्रुवारी १९३२ला कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदानात, स्वतः पदवी घ्यायला आलेल्या बीना दास यांनी झग्याखालून पिस्तूल काढून गव्हर्नर जॅक्सन यांच्यावर झाडलं. दोन्ही गव्हर्नर वाचले. बीना दास यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचं प्रमाणपत्र विद्यापीठानं दिलं ते २०१२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. त्या काळाशी आजची तुलना मी करत नाही. परकी सत्ता होती, कायदा तिचा होता. मी एवढंच म्हणतो की, पाठ फिरवणाऱ्या पोराकडे पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी ही पानंही उलटून पाहावीत.

मग करायचं काय? पुन्हा वेल्स्ली, पण यावेळी १९६९. त्या कॉलेजात तोवर पदवीदानात विद्यार्थिनीनं बोलायची प्रथाच नव्हती. त्या वर्षी मुलींनी हट्ट धरला, कॉलेजच्या अध्यक्षा रूथ ॲडम्स यांनी थोडे आढेवेढे घेऊन तो मानला, आणि मुलींनी आपली प्रतिनिधी निवडली: हिलरी रॉडॅम. हिलरी क्लिंटन आपल्याला नंतर कळल्या. पाहुणे होते सिनेटर एडवर्ड ब्रुक. त्यांचं भाषण झालं, मग ही मुलगी उठली आणि लिहून आणलेलं बाजूला ठेवून आधी ब्रुक यांनाच उत्तर देऊ लागली. सिनेटर व्यासपीठावर बसून ऐकत होते. काही पालकांना ते उद्धट वाटलं, मुली मात्र उभं राहून टाळ्या वाजवत राहिल्या, आणि ‘लाइफ’ मासिकानं त्या भाषणाचा अंश छापला. कुणाला परतवलं नाही, कुणाचा आवाज दाबला नाही, कुणाला पाठही फिरवावी लागली नाही.

आपल्या विद्यापीठांनी एवढं करून पाहावं. कुलपतींचं भाषण झालं की दहा मिनिटं एका विद्यार्थ्याला द्यावीत. तो विद्यार्थ्यांनी निवडावा, कुलसचिवांनी नव्हे. तो बोलेपर्यंत कुलपतींनी व्यासपीठ सोडू नये. विमानाची वेळ जरा पुढची घ्यावी. आणि त्याचं भाषण आधी तपासायला मागू नये. यावर सिनेटमध्ये कुणीतरी उभं राहून विचारील की, मग तो पोरगा वाटेल ते बोलेल, त्याचं काय? बोलेल की. कुलपती काय बोलणार आहेत, ते तरी विद्यार्थ्यांना आधी कुठे दाखवतात?